सबनीसांचं मर्यादित सरकार

अमेरिकेत सरकारनं माणसाच्या आयुष्यात किती लुडबुड करावी, या विषयावर हेमचंद्र सबनीसांइतक्या अधिकारानं बोलणारा माणूस सिडनीच्या पॅरामॅटा या अख्ख्या उपनगरात दुसरा नव्हता. खुद्द अमेरिकेतही फार नसावेत. सबनीस अमेरिकेला कधी गेलेले नव्हते, पण त्यामुळे त्यांच्या मतांना एक प्रकारचा तटस्थपणा आला होता. दोन हजार एक साली तिकडच्या एका कंपनीनं त्यांना नोकरी दिली आणि व्हिसाचे कागद पुण्यात पोचेपर्यंत ती कंपनीच बुडाली. मग ते ऑस्ट्रेलियाला आले. सामान सिडनीला उतरलं, मन मात्र अमेरिकेच्या राज्यघटनेत राहून गेलं. तिच्यातली कलमं आणि दुरुस्त्या त्यांना क्रमांकानिशी पाठ होत्या. स्वतःच्या मुलीचा फोन नंबर पाठ नव्हता. पण तो काय, फोनमध्ये असतो.

सरकार जितकं लहान तितका माणूस मोठा, हा त्यांचा सिद्धांत. पोटापाण्यासाठी ते पॅरामॅटातल्या एका सरकारी खात्याचे ऑनलाइन फॉर्म बनवायचे. ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते आणि जो भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, तो रकाना म्हणजे सबनीसांचं काम. सिद्धांत आणि नोकरी यांच्यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांचं पित्ताशय सरकारी इस्पितळात फुकटात काढलं, तेव्हाही त्यांनी सरकारी हस्तक्षेपाला हरकत घेतली नव्हती. त्यांना भूल दिलेली होती.

दोन हजार वीस सालच्या साथीनं जगाचं काय व्हायचं ते झालं, सबनीसांना मात्र श्रोते मिळाले. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली ब्याण्णवची बॅच झूमवर भेटू लागली. चाळीसपैकी तीस जण अमेरिकेत. सिडनीत रविवारची सकाळ, म्हणजे तिकडे शनिवारची संध्याकाळ. पहिले दोन रविवार कोणाचे केस किती गेले यात गेले. तिसऱ्या रविवारी मास्कची सक्ती निघाली, आणि तिच्या मागोमाग सरकारी विमा, शाळा, बेकारांना वाटलेले चेक, बंदुका, राज्यांचे हक्क अशी वरातच आली. न्यू जर्सीचा हृषिकेश सरकारच्या बाजूचा. त्याच्यापुढे उभा राहायला सबनीसांशिवाय कोणी नव्हतं.

"हेम्या, अरे तू राहतोस कांगारूंच्या देशात," हृषिकेश म्हणायचा. "तुला आमच्या विम्याचं काय पडलंय?"

"विमा तुझा असेल, तत्त्व माझं आहे," सबनीस म्हणायचे. "तुम्ही लोक आत राहता, म्हणून तुम्हाला घर दिसत नाही. मला लांबून अख्खं दिसतं."

अशा वाक्यांना दाद मिळायची.

घरी मात्र दाद द्यायला कोणी नव्हतं. बायको कालगुर्लीला होती. कालगुर्ली म्हणजे सोन्याच्या खाणीचं गाव: पर्थच्या आत सहाशे किलोमीटर, आणि गावाच्या कडेला एका नजरेत मावणार नाही एवढा खड्डा. तिथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ हवा होता. फेब्रुवारीत ती वर्षभरासाठी गेली. दर महिन्याला सबनीसांनी विमानानं जायचं असं ठरलेलं. मार्चमध्ये एकदा गेले. एप्रिलच्या पाचव्या तारखेला पश्चिम ऑस्ट्रेलियानं आपली हद्द बंद केली. पास असल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. उरलेल्या ऑस्ट्रेलियातूनसुद्धा नाही.

सबनीसांनी हे अत्यंत मनाला लावून घेतलं. तत्त्व म्हणून तर घेतलंच, पण तत्त्वाच्या खाली दुसरंही काही होतं, ज्याबद्दल ते झूमवर बोलत नसत. रात्रीच्या पोळ्या ते चारच लाटायचे आणि दोन उरायच्या. ऑफिस कायमचं घरून झालं होतं; म्हणजे लॅपटॉप पॅरामॅटात उघडला काय आणि कालगुर्लीत उघडला काय, लाल चांदण्या तेवढ्याच पडणार होत्या. मध्ये फक्त एक पास होता.

जूनमध्ये त्यांनी पहिला अर्ज केला. 'येण्याचे कारण' या रकान्यात पाचशे अक्षरांची जागा होती. देशांतर्गत संचाराचं स्वातंत्र्य हा माणसाचा उपजत हक्क कसा आहे, हे त्यांनी चारशे अठ्ठ्याण्णव अक्षरांत मांडलं. उत्तर दोन दिवसांत आलं: आपण येण्याचे कारण लिहिलेले नाही.

"बाबा, 'माय वाइफ लिव्ह्ज देअर' असं लिहायचं होतं ना," मिताली म्हणाली. ती वॉलॉन्गॉन्गच्या युनिमध्ये कायदा शिकत होती आणि शनिवारी कपडे धुवायला घरी यायची.

"तो मुद्दा भावनिक झाला."

"दॅट्स द पॉइंट, बाबा."

दुसरा अर्ज जुलैत. या वेळी सबनीसांनी तत्त्वाला मुरड घातली आणि 'पत्नीकडे राहायला' एवढंच लिहिलं. सोबत दोन कागद जोडले: पुणे महानगरपालिकेचा विवाहनोंदणीचा दाखला आणि कालगुर्लीच्या इस्पितळाचं बायकोच्या नोकरीचं पत्र. बरोबर एका आठवड्यानं पर्थहून फोन आला. बाईंचा आवाज फार प्रेमळ होता. सरकारी आवाज प्रेमळ असला की सबनीस लगेच कागद-पेन पुढे ओढायचे.

"मिस्टर सबनीस, मला जरा समजून घ्यायचंय. तुम्ही इकडे कोणाकडे येणार?"

"पत्नीकडे."

"नाव?"

"डॉक्टर शैला देवस्थळी."

"हो, इस्पितळाच्या पत्रात तेच आहे. छान." कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि लग्न कोणाशी झालंय?"

"पत्नीशी."

"दाखल्यावर चित्रलेखा सबनीस लिहिलंय."

"त्याच."

"कोण त्याच?"

"दोघी एकच आहेत."

त्या बाईंनी नोकरीत बरंच काही ऐकलं असणार, पण दोन बायका एकच असल्याचा दावा पहिल्यांदाच ऐकत असाव्यात.

"मेट," त्या शेवटी हळुवारपणे म्हणाल्या, "मला तुमच्या खासगी आयुष्याशी काही करायचं नाही. पण ज्या बाईकडे तुम्ही येताय, तिच्याशी तुमचं लग्न झाल्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. आणि जिच्याशी झालंय, ती इथे राहत नाही."

सबनीसांनी खुलासा केला. तो इंग्रजीत करताना त्यांना प्रथमच जाणवलं, की काही गोष्टी मराठीत जितक्या आपोआप होऊन जातात, तितक्या इंग्रजीत होत नाहीत.

लग्न शहाण्णव सालचं. सबनीसांच्या घरात तेव्हा एक शैला आधीपासून होती: त्यांची आत्या. आत्या जहाल होती आणि दिवसातून दोनदा घरी यायची. नव्या सुनेलाही शैलाच म्हणायचं, तर एखादे दिवशी "शैले, दूध उतू गेलं ना!" असं ओरडण्याची सोय सासूबाईंना उरणार नव्हती; ओरडा नणंदेला लागला असता. म्हणून नाव बदलायचं ठरलं. ठरलं म्हणजे घरात ठरलं. ताटात तांदूळ पसरले, गुरुजींनी सोन्याची अंगठी हातात दिली आणि हेमचंद्र सबनीस, बी.ई., यांनी बायकोचं नाव लिहिलं. आईनं तीन नावं सुचवली होती. त्यांनी मनानं सर्वांत लांब निवडलं. ताट लहान निघालं. 'चित्रले' तांदळात मावलं, 'खा' काठावर आलं. सगळे हसले. नवरीही हसली असं सबनीसांना पक्कं आठवत होतं. निदान फोटोत तरी हसली होती.

एमबीबीएसची पदवी शैला देवस्थळीच्या नावावर होती आणि ती बदलायला विद्यापीठ तयार नव्हतं. म्हणून सबनीसांच्या वडिलांनी तोडगा काढला: पदवी, पासपोर्ट, नोकरी शैलाची, घर, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला चित्रलेखाचा. घर आणि देश या दोन राज्यांत एकच बाई चोवीस वर्षं दोन नावांनी राहिली, आणि तेवढ्या काळात कोणत्याही हद्दीवर तिला कोणी अडवलं नाही. आता अडवलं होतं, पण तिला नव्हे, सबनीसांना.

"दोघी एकच असल्याचा काही पुरावा?" पर्थच्या बाईंनी विचारलं.

"आहे तर!" सबनीस म्हणाले. आता ते घरच्या मैदानावर आले होते. पुण्याचा माणूस आणि त्याच्याकडे कागद नाही, असं होत नसतं.

कपाटातल्या हिरव्या फाइलीतून त्यांनी प्रतिज्ञापत्र काढलं. स्टँप पेपर, शिवाजीनगरच्या नोटरीचा गोल शिक्का, खाली वडिलांची ठसठशीत सही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाची सही होती. धरण असतं तर फुटलं नसतं. 'मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की माझी सून शैला व माझी सून चित्रलेखा या दोन नसून एकच आहेत.' इंग्रजी तर्जुमा पाठीमागे जोडलेला.

चार दिवसांनी पुन्हा त्याच बाईंचा फोन आला.

"सुंदर कागद आहे," त्या म्हणाल्या. "यावर सही केलेले गृहस्थ कोण?"

"माझे वडील. आता नाहीत."

"आय ॲम सॉरी. पण तेव्हाही, मिस्टर सबनीस, ते ती बाई नव्हते ना?"

सबनीसांना हे नाकारता येईना.

"तुमच्या पत्नीनं स्वतः लिहून दिलं की झालं. एका पानाचं डिक्लरेशन. तिचं नाव काय आणि तिचं लग्न कोणाशी झालंय, हे तिनं सांगायचं. दुसऱ्या कोणी नाही. नो वरीज, अर्ज मी उघडा ठेवते."

फोन ठेवल्यावर सबनीस उत्साहानं कामाला लागले. एका पानाचा मसुदा त्यांनी वीस मिनिटांत उतरवला. बायकोचा वेळ वाचावा हा शुद्ध हेतू. शनिवारी दुपारी व्हिडिओवर तिला वाचून दाखवला. ती रात्रपाळी करून झोपून उठली होती, हातात चहाचा मग होता.

"आय, चित्रलेखा सबनीस, फॉर्मर्ली शैला देवस्थळी..."

"थांब," ती म्हणाली. पुण्यात ती त्यांना 'अहो' म्हणायची. सिडनीच्या विमानतळावर ट्रॉली ओढता ओढता 'अहो'चं 'अरे' झालं, ते कायम राहिलं. "फॉर्मर्ली म्हणजे? मी माजी कधी झाले?"

"अगं, तो नुसता फॉर्मॅट आहे चित्रा."

"काल रात्री एका खाणकामगाराला भूल दिली. केसपेपरवर सही केली शैला देवस्थळी म्हणून. तो सकाळी शुद्धीवर आला. म्हणजे शैला चालू आहे."

"अर्थात चालू आहे! मुद्दा पासचा आहे. तू फक्त सही कर आणि स्कॅन करून पाठव. मी मसुदा केलाय ना."

"तोच तर," ती म्हणाली आणि चहाचा एक घोट घेतला. "तू केलायस."

"मग काय करू?"

"काही नको करू. मी बघते."

सबनीस चोवीस वर्षांचे अनुभवी होते. 'मी बघते' याचा अर्थ मराठीत 'हो' असा होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. ती रोज बोलायची. हवा, मिताली, गावातली फुटीची, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची, मॅच, पबमधली गर्दी. साथ हद्दीबाहेर ठेवल्यामुळे कालगुर्लीत मास्क शोधूनही सापडत नव्हता, आणि तिकडे स्वातंत्र्याच्या माहेरघरी हृषिकेशनं सहा महिन्यांत न्हाव्याचं तोंड पाहिलं नव्हतं. डिक्लरेशनचं मात्र ती नाव काढत नव्हती. सबनीसांनीही काढलं नाही. काढलं आणि ती "नाही" म्हणाली तर? आजवर पर्थचं सरकार त्यांना अडवत होतं. त्याच्याशी भांडता येत होतं. आता अर्ज उघडा होता, दार उघडं होतं, आणि दारात बायको उभी होती. तिच्याविरुद्ध कोणती घटना काढणार?

"आई सही का करत नाही?" त्यांनी मितालीला विचारलं.

मितालीनं वॉशिंग मशीनमध्ये कपडे कोंबता कोंबता मान वर केली. "बाबा, डिड एनीवन एव्हर आस्क हर?"

"कशाबद्दल?"

"ओह माय गॉड," मिताली म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी बॅचचा मोठा वाद ठरला. अमेरिकेची निवडणूक तोंडावर होती. 'सरकारची सत्ता घराच्या उंबऱ्याशी संपावी' हा विषय. बाजूनं सबनीस, विरुद्ध हृषिकेश. सभापती लीना. ती ओहायोत बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि ब्याण्णवच्या बॅचमधल्या चार मुलींपैकी एक असल्यामुळे सगळ्यांना गप्प बसवण्याची तिला जुनी सवय होती. नवरे-बायकांनीही ऐकावं म्हणून लिंक मोकळी ठेवली होती. पडद्यावर एकोणसाठ चौकोन जमले.

सबनीस त्या दिवशी रंगात होते. हृषिकेशनं आजारी, बेकार, म्हातारे यांची बाजू मांडली; चांगली मांडली. सबनीसांनी ती ऐकून घेतली आणि उंबऱ्याचं रूपक उचललं.

"उंबऱ्याबाहेर सरकार, उंबऱ्याच्या आत माणूस!" ते म्हणाले. "आज ते मास्क घाला म्हणतील, उद्या काय खा ते सांगतील, परवा मुलांना काय शिकवा ते सांगतील. सत्ता ही चिवड्यासारखी असते, एक मूठ घेऊन कोणी थांबत नाही."

चिवड्याला टाळ्या पडल्या. न्यू जर्सीच्या बाजूनंसुद्धा एक अंगठा वर झाला.

"श्रोत्यांचा एक प्रश्न आलाय," लीना म्हणाली. "वाचते. 'सरकारनं एखाद्या सज्ञान माणसाचं नाव, त्याला न विचारता बदललं, तर वक्त्यांच्या मते तो जुलूम होईल का?'"

असा चेंडू फलंदाजाला वर्षातून एकदा मिळतो. सबनीसांनी खुर्ची पुढे ओढली.

"जुलूम? जुलूम हा शब्द लहान पडेल! माणसाचं नाव ही त्याची पहिली मालमत्ता. जमीन नंतर, घर नंतर. जे सरकार तुमच्या नावाला हात घालतं, त्याला तुमचं काहीच परकं राहत नाही. असं सरकार मी एक दिवस सहन करणार नाही, आणि जो करेल तो नागरिक नाही, गुलाम आहे!"

टाळ्या. लीनानं हात वर केला.

"प्रश्नाचा दुसरा भाग आहे. 'आणि सरकारऐवजी दुसऱ्या कोणी बदललं तर?' प्रश्न विचारणाऱ्या आहेत डॉक्टर शैला देवस्थळी, कालगुर्ली." लीनानं चष्मा सरळ केला. "या कोणाच्या ओळखीच्या? हेमचंद्र? आवाज येतोय ना? तू म्यूट झालायस का?"

सबनीस म्यूट झालेले नव्हते. पडद्याच्या खालच्या रांगेत, कॅमेरा बंद असलेल्या एका काळ्या चौकोनात ते नाव पांढऱ्या अक्षरांत होतं. गेले दोन महिने हे नाव त्यांनी निरनिराळ्या रकान्यांत टाइप केलं होतं; वाचलं असं मात्र आजच.

सुटायला जागा होती. घरगुती प्रथा आणि शासकीय सत्ता यांत फरक आहे, कुटुंब ही स्वेच्छेनं बनलेली संस्था आहे, तपशील तपासून उत्तर देतो. तिन्ही उत्तरं त्यांच्या जिभेवर आली होती, आणि तिन्ही चांगली होती. पण सबनीसांची एक मोठी अडचण होती: ते जे बोलायचे ते त्यांना खरोखर पटलेलं असायचं.

"दुसरं कोणी म्हणजे," ते म्हणाले, "मी."

"काय मी?" हृषिकेश म्हणाला.

"मी बदललं. शहाण्णव साली. अंगठीनं, तांदळावर. तिला विचारलं नव्हतं. ताट लहान होतं, शेवटचं अक्षर बाहेर गेलं होतं, तेव्हा आम्ही हसलो होतो. तर प्रश्नाचं उत्तर: हो. तोही जुलूमच. सरकारकडे निदान अर्ज तरी करता येतो."

आता कोणीतरी हसेल, टाळी वाजवेल, निदान हृषिकेश चिमटा काढेल अशी सबनीसांची अपेक्षा होती. हृषिकेशनं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या मागून, स्वयंपाकघराच्या दिशेनं, एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "तांदूळ म्हणताहेत का ते?" हृषिकेशनं तोंड मिटलं आणि कॅमेरा बंद केला.

मग डॅलसचा चौकोन काळा झाला. मग कॅलिफोर्नियाचे तीन. सरकार मोठं हवं म्हणणारे आणि सरकार लहान हवं म्हणणारे, विमावाले आणि बंदूकवाले, एकामागून एक अंधारात गेले. ज्या देशात दोन्ही बाजूंचं कित्येक वर्षांत कशावर म्हणून एकमत झालेलं नव्हतं, त्या देशाच्या वतीनं सांगलीच्या बॅचनं ते दीड मिनिटात करून दाखवलं.

"मतदान घ्यायला कोणी उरलेलं नाही," लीना म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "सभा तहकूब."

सबनीसांचा फोन वाजला.

"चिवड्याचं चांगलं होतं," बायको म्हणाली.

"तुला आवडलं?"

"हो. हे बघ, डिक्लरेशन मी लिहिलंय. परवाच लिहून ठेवलंय. पाठवत नव्हते."

"का?"

"आधी तुझं ऐकायचं होतं. तुझ्या नाटकी आवाजात नाही, साध्या आवाजात. आज शेवटी तो लागला. त्या पर्थच्या बाईंनी विचारलं ना, तिचं नाव काय ते तिनं सांगायचं म्हणून. तू मला ते इतक्या वैतागानं सांगितलंस, की सरकार बघ कसं छळतंय. आणि मी इथे बसून विचार करत होते, की चोवीस वर्षांत हे मला विचारणारं पहिलं माणूस सरकारी निघालं."

सबनीसांनी आपला 'फॉर्मर्ली'वाला मसुदा उलटा करून ठेवला.

"आता तूही एक लिहून दे," ती म्हणाली. "तू काय केलंस ते. दोन्ही एकदम पाठवू."

"मसुदा पाठवतेस?"

"तुझा मसुदा तू कर. तुझं वाक्य आहे ते."

तिच्या पानावर पाचच वाक्यं होती. 'माझं नाव शैला देवस्थळी आहे. लग्नाच्या वेळी पतीच्या घरच्यांनी माझं नाव चित्रलेखा ठेवलं. ते मला विचारलं गेलं नव्हतं आणि घरात मी त्याला ओ देत आले आहे. हेमचंद्र सबनीस यांच्याशी मात्र मी स्वतःच्या इच्छेनं लग्न केलं. ते इकडे यावेत अशी माझी इच्छा आहे.' सबनीसांनी शेवटचं वाक्य बऱ्याच वेळा वाचलं. 'येण्याचे कारण' या रकान्याला लागणारी अक्षरं मोजली तर पाचशेच्या खूपच आत बसत होती.

स्वतःचं पान लिहायला त्यांना तीन दिवस लागले. सही साक्षीदारासमोर करायची होती, आणि फार्मासिस्ट चालतो असं मितालीनं सांगितलं. चर्च स्ट्रीटवरच्या दुकानात जॉर्जेट नावाच्या लेबनीज बाई काउंटरमागे होत्या. वर्षानुवर्षं सबनीसांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्याच द्यायच्या. मागे दीड-दीड मीटरवर रांग. जॉर्जेटबाईंनी काचेपलीकडून ते पान घेतलं आणि वाचायला लागल्या. तोंडानं, मोठ्यानं.

"'मी माझ्या पत्नीचं नाव तिच्या संमतीशिवाय बदललं...' हे तू केलंस?"

"हो."

"तू? गोळ्या जेवणाआधी की नंतर हे चारदा विचारणारा तू?"

"हो."

"माझ्या पहिल्या नवऱ्यानं माझ्या मांजराचं नाव बदललं होतं," जॉर्जेटबाई शिक्का उचलत म्हणाल्या. "मी त्याला घराबाहेर काढलं. तुझी बायको तुला घरात बोलावतेय. कर सही."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं "गुड ऑन यू, मेट" म्हटलं. सबनीसांनी सही केली. वडिलांच्याइतकी ठसठशीत नाही आली; पण ही स्वतःबद्दलची होती.

पास पाचव्या दिवशी आला. सोबत त्या प्रेमळ बाईंची एक ओळ होती: आता सगळं अगदी स्पष्ट आहे.

पर्थच्या विमानतळावर पोलिसानं ताप बघितला, पास बघितला, चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही हे दोनदा बजावलं. सबनीसांनी दोन्ही वेळा "येस ऑफिसर" म्हटलं. भाड्याची गाडी घेतली आणि तांबड्या मातीतून सहाशे किलोमीटर, फक्त पेट्रोलला थांबत, संध्याकाळी कालगुर्ली गाठलं. इस्पितळानं दिलेल्या घराच्या मागच्या अंगणात एक सुटी खोली होती. त्यांची सोय तिथे. ती रोज इस्पितळात जाणार, रोग्यांच्या नाकाशी काम करणार; म्हणून दोन आठवडे मध्ये जाळीचा दरवाजा आणि चार पावलं अंतर.

ती अंगणात उभी होती. केस थोडे पांढरे झाले होते, व्हिडिओत दिसायचे नाहीत. सबनीस गाडीतून उतरले. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि कोणती मारावी ते कळेना. जुनी ओठांवर होती, ती गिळली. नवी अजून तोंडात बसलेली नव्हती. शेवटी त्यांनी नुसता हात केला. तिनंही केला.

दोन दिवस हे असंच चाललं. चोवीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोशी "अगं", "ऐकतेस का", "हे बघ" यांवर भागवत होता. एकटे असताना खोलीत त्यांनी ते नाव चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते आत्याला हाक मारल्यासारखं ऐकू आलं आणि पाठ आपोआप ताठ झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मटकीची उसळ आणि पोळ्या जाळीपाशी आणून ठेवल्या आणि चार पावलं मागे जाऊन खुर्चीवर बसली. सबनीसांनी ताट आत घेतलं. पहिला घास खाल्ला. दुसरा घेता घेता थांबले.

"शैला," ते म्हणाले, "मीठ कमी आहे."

ती हललीच नाही. जाळीतून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारलीस," ती म्हणाली, "ती मीठ कमी म्हणून?"

"दुसरी मारतो. थांब. चांगलं काहीतरी..."

"नको, जेव तू," ती उठत म्हणाली. "मीठ आणते."